सुट्टीपुरती आलेली पोरं

अक्षर वाकडंतिकडं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी सापडतील, त्याची आधीच माफी मागते. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितल्याशिवाय पेन पुढं सरकत नाही. माझी शाळा चौथीत सुटली. त्यानंतर जे काही लिहिलं ते गिरणीतल्या डब्यांवर, खडूनं. कुणाचे गहू, कुणाचे जोंधळे, कुणाची डाळ. तिथं ऱ्हस्व-दीर्घ कुणी बघत नाही, पीठ बारीक आलं का तेवढं बघतात.

आमची पिठाची गिरणी आहे. कर्नाटकातल्या चिटगुप्प्याच्या बाजाराला जाणारं गाव, घर पुढं आणि गिरणी त्याला चिकटून. माझं माहेर उदगीरकडचं. लग्न होऊन इकडं आले तेव्हा कानडीचा एक शब्द येत नव्हता. पुढंही बाजारात भाव विचारण्यापुरताच आला. मालकांना, म्हणजे आमच्या ह्यांना, मराठी, कानडी, उर्दू तिन्ही सारख्याच. गिऱ्हाईक ज्या भाषेत डबा ठेवील त्या भाषेत ते बोलतात. मी मुळातच लाजरी. मराठीतसुद्धा परकं माणूस बोलायला लागलं की माझी नजर पायाच्या अंगठ्याकडं जाते. मग कानडी शिकायची कशी? चुकलं तर हसतील म्हणून बोलले नाही, आणि बोलले नाही म्हणून शिकले नाही.

आम्हाला लेकरू झालं नाही. दवाखाने झाले, उपास झाले, मग दोघांनीही तो विषय काढायचं सोडलं. एका उन्हाळ्याच्या तोंडावर अंगणवाडीच्या बाई दळण घेऊन आल्या आणि मालकांना म्हणाल्या की सरकारी बालमंदिरातली, म्हणजे आई-बापाविना सरकारनं सांभाळलेली, काही लेकरं सुट्टीत घरी नेता येतात. माणसं येऊन घर बघतात, चौकशी करतात, मग दोन महिन्यांसाठी देतात. जमलं तर सुट्टीनंतरही त्याच घरी ठेवतात. नाही जमलं तर शाळा उघडायच्या आधी लेकरं परत.

मालकांनी मला विचारलं, "आणायची का?"

मी म्हणाले, "परत न्यायला आली तर?"

"तर देऊ. दळणाचा डबा बी माणूस परत नेतोच की."

असं बोलून ते पट्टा बसवायला गेले, पण त्या दिवशी त्यांनी एकाच्या डाळीत दुसऱ्याचे गहू ओतले.

एप्रिलमध्ये पोरं आली. बहीण-भाऊ. थोरली नऊ वर्षांची, हडकुळी, डोळे सगळीकडं फिरणारे. धाकटा पाच वर्षांचा, तिच्या फ्रॉकची कड धरून. मराठी आणि कानडी दोन्ही तिला यायची. बालमंदिरात सांभाळणाऱ्या बायांना अक्का म्हणायची सवय, म्हणून मलाही अक्काच म्हणाली. मालकांना अप्पा. मला कुणी काही का म्हणेना, घरात हाक ऐकू यायला लागली एवढंच पुष्कळ होतं.

उन्हाळा म्हणजे आमच्या गिरणीचा हंगाम. मिरची कांडायला बायांची रांग लागते, आणि कांडप सुरू झालं की अर्ध्या गल्लीला शिंका येतात. धाकट्याला ती फार मोठी गंमत वाटली. मिरचीचं पोतं दारात आलं की तो नाकाला रुमाल बांधून बसायचा आणि कोण किती शिंकलं ते ओरडून सांगायचा. पीठ उडून त्याच्या पापण्या पांढऱ्या व्हायच्या. मालक म्हणायचे, "आमच्या घरात म्हातारं आलंय बघा." मग तो कंबरेवर हात ठेवून म्हाताऱ्यासारखा चालून दाखवायचा. दळणाला आलेल्या बायांनी त्याचं नावच पाडलं, पिठाचा म्हातारा. अंगणातल्या दोन कोंबड्या त्याला बघितलं की आधीच पळायच्या.

थोरली तशी खेळायची नाही. ती काम शोधायची. झाडू घ्यायची, भांडी ओढायची. मी हातातून काढून घेतलं की दुसरं काहीतरी धरायची. एकदा कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवला होता. वाटीत गरम चीक, त्यावर तेल आणि तिखट घालून तिच्या हातात दिला. तिनं बोटानं चाटून बघितला आणि पहिल्यांदा हसली. मग माळवदावर कुरडया वाळत घातल्या तेव्हा राखणीला तीच बसली. डोक्यावर माझं जुनं लुगडं, हातात काठी, आणि कावळ्यांना कानडीत शिव्या. खालून मालक ओरडायचे, "अगं, कावळा मराठी असला तर?" वरून उत्तर यायचं, "अप्पा, दोन्हीत दिल्या!"

माझ्या कानडीतला एक नवा शब्द मला तिच्यामुळंच मिळाला. जेवताना मी आणखी एक भाकरी वाढायला गेले की ती ताटावर आडवा हात धरायची आणि म्हणायची, "साकु, अक्का, साकु." साकु म्हणजे पुरे, बास. धाकटाही तसंच म्हणायचा, पण हात ताटावर धरायचा आणि बोटं फाकवून ठेवायचा, म्हणजे आमरस खाली पडावा. साकु हा शब्द मी असा पक्का शिकले.

मे अर्धा झाला. एका दुपारी मालक गिरणीची बिघडलेली मोटर घेऊन चिटगुप्प्याला गेले होते. थोरली माळवदावर, धाकटा आत झोपलेला. दारात एक मॅडम उभ्या राहिल्या. हातात फाइल, खांद्याला पर्स, उन्हानं तोंड लाल. त्या मागे कधी आल्या नव्हत्या. घर बघायला आधी एक साहेब आले होते, तेव्हा मालक बोलले आणि मी आत चहा करत बसले. आता आत लपून चालणार नव्हतं. मी डोक्यावर पदर घेतला.

मॅडम हसून म्हणाल्या, "नीवे एनरी, साकु तायी?"

तायी म्हणजे आई, बाई, हे मला माहीत होतं. आणि साकु.  पुरे झालं, बाई, असं म्हणतात या. हसून का म्हणतात ते कळेना. पण मोठी माणसं वाईट बातमी हसूनच सांगतात, असं मला वाटलं.

त्यांनी पुन्हा विचारलं. "साकु तायी?" मी होकाराची मान हलवली. काय करणार? सरकारची पोरं, सरकार म्हणतं पुरे. त्यांनी मान डोलवून फाइलीत काहीतरी लिहिलं, झोपलेल्या धाकट्याकडं बघितलं, न्हाणी बघितली, तांब्याभर पाणी प्याल्या. जाताना म्हणाल्या, "रजा मुगीली, बरतीनी." रजा संपली की येते. हे मात्र मला बरोबर कळलं.

मालक आले. मी सांगितलं, मॅडम आल्या होत्या, रजा संपल्यावर येते म्हणाल्या. "मग येऊ देत की," ते म्हणाले आणि मोटर बसवायला बसले. बाकीचं मी सांगितलं नाही. त्यांनी धाकट्यासाठी पत्र्याच्या डब्याची गाडी करायला घेतली होती, तिची चाकं अजून बसायची होती. मोटर झाल्यावर ते ती चाकं घासत बसले आणि मी चहा ठेवायला आत गेले. थोरलीला विचारावं तर काय विचारावं? तुम्हाला परत पाठवायलेत का, असं लेकराला कोण विचारतं?

दहा-बारा दिवस राहिले होते. मी ठरवलं, जेवढे आहेत तेवढे भरून द्यायचे. पोरांनी पुढं कुठंही असलं तरी म्हणावं, एक उन्हाळा असा गेला.

त्याला पैसे पाहिजे होते. मालकांकडं मागितले असते तर कारण सांगावं लागलं असतं. शेजारी आमच्या थोरल्या जाऊबाई राहतात. त्यांच्या हातात शेळ्यांचे पैसे असतात आणि तोंडात सुई असते. मी त्यांच्याकडं गेले.

"बाई, पाच हजार पाहिजेत. ह्यास्नी सांगू नका."

"कामून? सोनं घ्यायलीस का?"

मी खरं सांगितलं. पोरं परत जायलीत, त्याआधी थोडी हौस करायची आहे.

त्या बाजेवर बसूनच म्हणाल्या, "म्या सांगितलं न्हवतं? सरकारचं लेकरू म्हंजे रेशनचं तांदूळ. पोत्यावर सरकारचाच शिक्का." मग उठून आत गेल्या, उतरंडीतून पिशवी काढली. पैसे हातावर ठेवताना त्यांचं तोंड बदललं. "रडू नगंस. रडलीस तर त्या बारक्याला कळंल. अन् सगळे परत पाहिजेत बघ, माझ्या शेळ्या काय सरकारी न्हाईत."

आणि मग आमच्या घरात जो उन्हाळा झाला तसा मी कधी बघितला नव्हता.

चिटगुप्प्याच्या बाजारातून जुना कूलर आणला. मालकांना सांगितलं, जाऊबाईंनी दिला. पत्रा गंजलेला, पण गवताची जाळी नवी घालून घेतली होती. धाकटा पंख्याच्या तोंडाशी बसून "आऽऽऽ" करायचा आणि आवाज थरथरत बाहेर आला की मागं उताणा पडून हसायचा. दुपारभर तेच. मालकही गिरणी थांबवून आले, पंख्यासमोर बसले आणि "दळण झालं होऽऽऽ" म्हणून ओरडले. बाहेर रांगेतल्या बाया आत डोकावायला लागल्या. आंबे आणले, टोपलीभर. दोघांना बादलीत बसवून आंबे चोखायला दिले, म्हणजे कपड्यांची भानगड नको. थोरलीला हातभर बांगड्या, दोघांना दोन दोन नवे कपडे. बर्फाचा गोळेवाला आला की आमच्या दारात थांबायचाच.

धाकटा खूश. थोरली मात्र उतरत चालली. आधी दोन भाकरी खायची, आता पहिल्याच भाकरीला "साकु". नवा फ्रॉक घातला, पण आरशासमोर गेली नाही. मी म्हणायची, "ऊन बाधलं काय गं?" ती मान हलवायची. मी पन्हं करून द्यायची. ती एक घोट घेऊन धाकट्याला द्यायची. झोपताना माझ्या पदराचं टोक मुठीत धरायला लागली. मला वाटलं, लळा लागलाय, आणि माझा जीव आणखी तुटायचा.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात गाणगापूरला गेलो. मालकांना वाटलं पोरांना फिरवायला. बसनं कलबुर्गी, तिथून दुसरी बस. संगमावर पाणी कमी होतं, गुडघाभर, पण पोरांना तेवढंच बरं. धाकटा पाण्यातून निघेना. दुपारी माधुकरी मागायची तिथली रीत आहे. झोळी घेऊन पाच घरी भिक्षा मागायची. मालक म्हणाले, घरच्या बाईनं मागावी. मी पहिल्या दारात जाऊन उभी राहिले आणि माझा आवाजच फुटेना. आतली बाई भांडी घासत होती, तिला कळलंच नाही दारात कुणी आहे. मागून धाकटा ओरडला, "अव्वाऽ, भिक्षा नीडव्वाऽ!" बाई दचकली, तिचा तांब्या घरंगळला. हसत हसत तिनं भाकरीचा तुकडा आणि भात झोळीत घातला. त्याला ते इतकं आवडलं की पाच घरं झाली तरी तो सहाव्या दारात जाऊन उभा. "बास रे, पाचच असतात," मालक म्हणाले. "अप्पा, पण त्या घरी पोळी हाय, वास आला!"

थोरली हसली नाही. एका हातानं माझा पदर, दुसऱ्या हातानं भावाचा हात. देवासमोर मी हात जोडले. पोरं राहू देत, असं मागायचं होतं. पण सरकारनं ठरवलेलं देवाला मोडायला सांगणं मला बरोबर वाटेना. म्हणून म्हणाले, जिथं जातील तिथं चांगलं जेवायला मिळू दे.

मॅडम यायच्या त्या सकाळी मी दोघांची बॅग भरली. नवे कपडे, बांगड्या, डब्याची गाडी, कुरडयांची पिशवी, थोडा तिखट-मसाला. जीप थांबली तसे मालक गिरणीतून पिठानं भरलेले हात झटकत आले. मॅडम ओसरीवर बसल्या. मी बॅग उचलून आणली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. थोरलीनं ती बॅग बघितली आणि भावाला ओढून खांबामागं गेली.

मॅडमनी विचारलं, "ई बॅग याक?"

मालक माझ्याकडं वळले. "अगं, बॅग कामून आणलीस? कुठं जायलीस?"

"म्या न्हाई. पोरं जायलीत न्हवं का."

"कोण म्हणलं?"

आता बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी अंगठ्याकडं बघत म्हणाले, "ह्याच म्हणल्या. त्या दिवशी तुमी मोटर घिऊन गेलतात तवा. दारातच म्हणल्या, साकु तायी. म्या काय बोलणार? म्या व्हय म्हणले."

 मालकांनी हात कपाळावर मारला आणि पिठाचा पंजा तिथं उमटला. मॅडमना सगळं मराठी कळलं नव्हतं, त्या एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होत्या. तेवढ्यात खांबामागून थोरली म्हणाली, "अक्का, ते साकु न्हाई गं."

"मग कोणतं?"

"आपली कोंबडी हाय का न्हाई? तिला आपण दाणं टाकतो, सांजच्याला डालतो. त्याला कानडीत साकोदु म्हणत्यात. साकु तायी म्हंजे तसली आई. पोसणारी. मॅडमनी विचारलं, तूच का ती आई."

"अन् म्या व्हय म्हणले?"

"व्हय म्हणलीस की."

"म्हंजे मी कोंबडा!" धाकटा ओरडला आणि ओसरीवर आरवायला लागला.

मालकांनी मॅडमना कानडीत सगळं सांगितलं. त्यांना हसू आवरेना. फाइल तोंडासमोर धरली, तरी खांदे हलत होते. मग फाइल उघडून त्यांनी त्या दिवशी लिहिलेलं बोट ठेवून मालकांना दाखवलं. मालकांनी मला सांगितलं, लिहिलंय की आईला विचारलं, तिनं होकार दिला, बाई कमी बोलतात पण घर चांगलं आहे. पोरं इथंच राहणार. बाकीच्या कागदांना वेळ लागेल, पण परत जायची गरज नाही. इथल्याच शाळेत घालायची.

मॅडमनी थोरलीला विचारलं, "इर्तीयेनु इल्ले?" राहशील का इथं?

ती खांबामागून बाहेर आली. बॅग उचलली आणि आत ओढत नेली. मी मागं गेले तर ती कपडे काढून खुंटीला लावत होती. एकेक, सावकाश.

मी म्हणाले, "कामून जेवत न्हवतीस गं इतके दिवस?"

ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "बालमंदिरातून कुणाला दुसरीकडं पाठवायचं असलं की आधी नवे कपडे देत्यात. अन् फिरवून आणत्यात. तू फ्रॉक आणलास तवाच मला कळलं."

मी तिच्याजवळ खाली बसले. मी हौस करत होते आणि ती एकेक दिवस मोजत होती. एकाच घरात दोघी एकच भीती पोटात घेऊन फिरत होतो आणि वर मी तिला पन्हं पाजत होते. मला रडू यायला पाहिजे होतं, पण हसूच आलं. अंग इतकं हलकं झालं की उठावंसंच वाटेना. ती वळून बघायला लागली, मग तीही हसली. त्या दिवशी तिनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथी मीच वाढली नाही, पोट दुखेल म्हणून.

कूलरचं खरं मालकांना मी त्याच दिवशी सांगितलं. ते बराच वेळ हिशेब करत बसले आणि म्हणाले, "पाच हजाराचा एक शब्द. एवढ्यात मास्तर ठेवला असता तर सगळी कानडी आली असती." पण ओरडले नाहीत. तेही खूश होते. बाहेर धाकटा कूलरसमोर बसून आरवत होता.

पैसे फेडायचे होते, आणि तो माझा हट्ट होता की मी फेडीन. कांडपाचा हंगाम संपत आला होता. मी शेवयांचं यंत्र बाहेर काढलं, पापडाचं पीठ मळून द्यायला लागले, मसाले भाजून देऊ लागले. बाया आधी मालकांशी बोलायच्या, आता काम माझ्याकडं म्हणून माझ्याशी बोलायला लागल्या. निम्म्या कानडीच बोलायच्या. थोरली शाळेतून आली की माझ्याजवळ उभी राहून अडलेलं मराठीत सांगायची, आणि पुढं पुढं तिनं सांगायच्या आधीच मला कळायला लागलं. चुकलं की त्या हसायच्या. मीही हसायची.

जाऊबाईंना कधी पाचशे दिले, कधी दोनशे. दर वेळी त्या नोट उजेडात धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "पोरं ऱ्हायली, अन् माझे पैसे बी अजून तुझ्याकडंच ऱ्हायले." पण मागायला कधी दारात आल्या नाहीत. धाकटा मात्र रोज त्यांच्या शेळ्यांत असायचा.

दसऱ्याच्या आत शेवटचे तीनशे उरले. मी ते घेऊन गेले. त्या शेळीचं दूध काढत होत्या. नोटांकडं बघून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ते. पोरास्नी खाऊला म्हण."

एरवी मी गप्प परत आले असते. पण म्हणाले, "न्हाई बाई. घ्या. पोरं आमची हायत, त्यांच्या हौसेचा खर्च बी आमचाच."

त्यांनी माझ्याकडं वर बघितलं. दुधाचा हात पदराला पुसला, तिन्ही नोटा घेतल्या, मोजल्या आणि कमरेला खोवल्या.

"फिटलं गं बाई सगळं," त्या म्हणाल्या.